फौजदाराची बांग आणि शेजारची खिडकी

मी एक म्हातारा कोंबडा आहे, मित्रांनो. माझा तुरा एका बाजूला कलला आहे, शेपटीतली दोन लांब पिसे गळाली ती पुन्हा आली नाहीत, आणि बांग देताना शेवटी शेवटी माझा आवाज घोगरा होतो. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात, एमआयडीसीच्या गोदामांमागच्या वस्तीत, एका लहान घराच्या अंगणात मी राहतो. सगळे मला 'फौजदार' म्हणतात.

हे नाव मला संशयामुळे मिळाले. कोंबड्याला संशय घ्यावाच लागतो. कोंबड्या खाली मान घालून दाणे टिपतात, तेव्हा आभाळाकडे कोणी पाहायचे? घार येते ती आवाज न करता येते. मुंगूस कुंपणाच्या मुळाशी दबा धरून बसते. म्हणून मी मान तिरकी करतो, एक डोळा वर, एक डोळा खाली. नवा माणूस, नवी बादली, वाऱ्याने हललेले पोते, काहीही असो, आधी मी त्याची चौकशी करतो. मग कोंबड्यांना पुढे जाऊ देतो.

माझा जन्म इथला नाही. फुलसावंगीकडच्या एका तांड्यात, जुन्या टोपलीतल्या भुशात, मी अंड्यातून बाहेर आलो. माझी मालकीण बसंतीबाई. तिच्या हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या असत, आणि ती दाणे टाकायला निघाली की त्या बांगड्यांचा आवाज ऐकूनच आम्ही धावत सुटायचो. तांड्यात माझ्या बांगेला मान होता. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया माझ्या आवाजावर उठत. कोणाला पहाटेची एसटी धरायची असली, तर तो आदल्या संध्याकाळी बसंतीबाईला सांगून जाई, "तुह्या कोंबड्याच्या भरवशावर झोपतो व बाई." तेव्हा माझी छाती दोन बोटे फुगत असे. माझ्या आवाजाने कोणाला त्रास होऊ शकतो, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

मग बसंतीबाईच्या पायाचे हाड मोडले. तिचा मुलगा शाम लोहाऱ्याच्या एका कारखान्यात कामाला होता. त्याने आणि त्याची बायको बबिता हिने म्हातारीला आपल्याकडे न्यायचे ठरवले. ती तयार होईना.

"याडी, तिथं कोण पाह्यते तुले?" शाम म्हणाला. तांड्यात आईला याडी म्हणतात.

"मी येतो. पण माह्या कोंबड्या येतीन. फौजदार येईन. नाईतर मी इथंच."

शेवटी आम्ही सगळेच निघालो. टेम्पोत एका टोपलीखाली मी आणि माझ्या दोन कोंबड्या, काबरी आणि काळी. महागाव, आर्णी, यवतमाळ असा तो प्रवास. फटीतून मला फक्त रस्त्याकडेची झाडे मागे पळताना दिसत होती. हे सगळे मिळून आम्हाला विकायला नेत आहेत, अशी माझी खात्री झाली होती. वाटेत बबिताने पाण्याची वाटी आत सरकवली. ती मी पायाने लवंडून टाकली.

लोहाऱ्याचे घर तांड्यातल्या घरासारखे नव्हते. इथे घराला घर चिकटलेले. आमचे खुराडे शामने मागच्या भिंतीला टेकवून ठेवले. त्या भिंतीपलीकडे, चार हातांवर, एक खिडकी होती. तिच्याआड विमलताई राहत होत्या. त्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होत्या. दुपारी दोनला जायच्या आणि रात्री घरी यायला त्यांना अकरा वाजायचे.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. मागच्या गोदामावर एक मोठा दिवा होता. ट्रक आला की तो लागायचा आणि त्याचा झोत सरळ खुराड्यावर पडायचा. मी दचकून उठायचो. उजाडले! मी मान ताणून बांग द्यायचो. थोड्या वेळाने पुन्हा अंधार व्हायचा. ही कसली पहाट, जी येते आणि परत जाते? मला या गावातल्या सूर्याचाच संशय येऊ लागला. म्हणून मी आणखी जोरात ओरडायचो. असे कधी दोन वाजता, कधी तीन वाजता, आणि मग चारपासून रोजच्यासारखे.

आठ-दहा दिवसांनी विमलताई फाटकाशी आल्या. डोळे लाल, केस कसेतरी बांधलेले.

"मावशी, तुमचा कोंबडा मले झोपूच देत नाही. काहीतरी करा न."

बसंतीबाई तूर पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले नाही. "कोंबडा हाय तो बाई. बांग नाई देईन त काय गाणं म्हणन?"

"मी गंमत नाही करून राह्यली."

"मंग मी कुठं करून राह्यली? आमच्या तांड्यात कोणालेच तरास नाई झाला याचा. तुमालेच कसा होते?"

विमलताई फाटक ओढून परत गेल्या. त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणे बंद झाले. बसंतीबाई भिंतीकडे पाहून बबिताला म्हणायची, "ह्या बाईच्या मनात काहीतरी हाय. लक्ष ठेव." ती बबिताला सांगत होती, पण ऐकत मी होतो. लक्ष ठेवणे हे तर माझेच काम.

आणि मग मी ते पाहिले. दुपारचे एक वाजले असतील. घरात सगळी सामसूम होती. भिंतीवर एक हात आला. त्या हातात ताटली होती. ताटलीतून आमच्या अंगणात काहीतरी मऊ, पांढरट पडले आणि हात मागे गेला. काबरी धावली. मी घशातून तो खास आवाज काढला, जो घार दिसल्यावर काढतो. काबरी आणि काळी दोघी जिन्याखाली पळाल्या. मी त्या तुकड्यांभोवती तीन फेऱ्या मारल्या, पण चोच लावली नाही. जो माणूस आपल्यावर चिडलेला आहे, तो आपल्याला खायला का घालेल?

दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशीही. कावळे ते तुकडे उचलून न्यायचे. ते कावळे दुसऱ्या दिवशी धडधाकट परत यायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहत होतो. तरी माझा संशय गेला नाही. मनात म्हणत होतो, विष हळूहळू चढत असेल.

त्याच सुमारास घरात नवा फ्रीज आला. त्याच्या खोक्यातला थर्माकोल शामने न्हाणीमागे टाकून दिला. उन्हाने आणि वाऱ्याने त्याचा चुरा झाला. एके सकाळी मी तिकडे गेलो, तर जमिनीवर पांढरेशुभ्र गोल दाणेच दाणे! ज्वारी सांडली असावी तसे. मी डोके तिरके करून पाहिले. ही आपलीच न्हाणी, आपलेच अंगण, आपल्याच माणसाने टाकलेले. संशय घेण्यासारखे काय होते?

मित्रांनो, चांगला दाणा सापडला की कोंबडा तो स्वतः खात नाही. चोचीत उचलतो, खाली ठेवतो आणि 'कुक् कुक् कुक्' असा हलका आवाज करून कोंबड्यांना बोलावतो. मीही तसेच केले. काबरी पहिल्यापासून हावरी. ती आली आणि टिपतच राहिली. काळीने दोन टिपले आणि मातीत उकरायला निघून गेली. मी ऐटीत बाजूला उभा होतो.

दोन दिवसांनी काबरी पिसे फुगवून कोपऱ्यात बसली. तिच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी टणक होऊन फुगली होती. ती चोच उघडायची आणि मिटायची. बसंतीबाईने तिला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजले, हळद लावली. चौथ्या सकाळी काबरी गेली.

बसंतीबाई तिला हातात घेऊन तशीच लंगडत गल्लीत गेली.

"बाहीर ये!" तिने विमलताईंच्या दारात उभे राहून आवाज दिला. "माहा कोंबडा तुले नको होता त मले सांगतं. मुक्या जीवाले विख घालतं का? बबितानं पाह्यलं तुले भिंतीवरून टाकताना!"

गल्लीतली दारे उघडली. मी फाटकाच्या सळयांतून पाहत होतो. हेच मी इतके दिवस सांगत होतो, असे मला वाटत होते. विमलताई बाहेर आल्या. त्यांनी काबरीकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. पण त्या मागे सरल्या नाहीत.

"मावशी, म्या पोळीचे तुकडे टाकले. दुधात भिजवलेले. खोटं वाटत असन त डोमाजीले बोलवा. त्यायले समजते. पोट फाडून पाहा, सगळ्यांसमोर पाहा."

डोमाजी म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणारे गृहस्थ. जनावरांच्या दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी झालेली. शाम त्यांना घेऊन आला. त्यांनी चष्मा लावला, ओट्यावर कागद पसरला आणि काबरीच्या गळ्याखालची पिशवी चिरली.

आतून पांढरे दाणे बाहेर आले. ओले, चिकटलेले, एकमेकांना धरून बसलेले. डोमाजींनी एक दाणा दोन बोटांत दाबला. तो दबला आणि पुन्हा फुगला.

"विख नाही हे," ते म्हणाले. "थर्माकोल आहे. कुठून खाल्ला इनं?"

शामने मान वळवून न्हाणीकडे पाहिले. मग खाली पाहिले.

"याडी," तो म्हणाला, "आपल्याच घरचं हाय व हे. म्याच टाकलं."

तो म्हणाला, "म्याच टाकलं." पण काबरीला हाक मारून कोणी बोलावले, हे फक्त मला ठाऊक होते. शेजारच्या पोळीपासून मी तिला पळवले होते आणि आपल्या घरच्या दाण्यांपाशी मीच तिला आणून उभे केले होते. त्या दिवसानंतर मी कोणताही दाणा आधी स्वतः चाखल्याशिवाय कोंबड्यांना हाक मारलेली नाही. काळी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहते, पण माझा नेम मी मोडत नाही.

बसंतीबाई ओट्यावर बसली. तिने विचारले, "मंग पोळ्या कायले टाकत होती व तू?"

"पोट भरलं त पहाटी गप बसन, असं वाटलं," विमलताई म्हणाल्या. "मले अक्कल नाही कोंबड्यायची. मले झोप पाहिजे होती, मावशी." आणि मग, इतक्या दिवसांत जे सांगितले नव्हते, ते त्यांनी सांगितले. "मागच्या मंगळवारी वॉर्डात एका म्हाताऱ्याच्या सलाईनमधे म्या भलतंच औषध भरलं. डोळे उघडे होते, पण दिसत नव्हतं. लावायच्या आधी बाटलीवरचं नाव पाह्यलं म्हणून तो माणूस वाचला. आता वॉर्डात पाय टाकाची भीती वाटते."

गल्लीतले लोक हळूहळू आपापल्या घरात गेले. बसंतीबाईने काबरीवर पदराचा कोपरा टाकला आणि ती म्हणाली, "मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी विचारलं कुठं?"

मित्रांनो, मला वाटले आता सगळे मिटले. पण रविवारी सकाळी फाटकाशी मोटारसायकल थांबली. बसंतीबाईचा भाऊ किसनसिंग आला होता आणि त्याच्या हँडलला गोणपाटाची पिशवी होती. मी जिन्याखाली शिरलो.

"दे बाई," तो म्हणाला. "एक कोंबडा गेला की झगडा गेला. आज पोरं बी आली हायत घरी."

बसंतीबाईनेच त्याला बोलावले होते! जिने माझ्यासाठी तांडा सोडायला नकार दिला होता, तिने. मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. ती जिन्याशी वाकली, तिने मला धरले. तिचे हात गार होते आणि माझ्याकडे न पाहताच ती मला फाटकाकडे नेऊ लागली. मी ओरडलो. इतका ओरडलो की शेजारची खिडकी उघडली.

"कुठं नेऊन राह्यले त्याले?" विमलताईंनी विचारले.

"तुही झोप चांगली होईन आता," बसंतीबाई म्हणाली.

विमलताई अनवाणीच बाहेर आल्या. "मले झोप पाहिजे, मावशी. त्याचा जीव नाही पाहिजे. द्या इकडं." आणि त्यांनी मला बसंतीबाईच्या हातातून घेतले. मी त्यांच्या मनगटावर चोच मारली. रक्त आले. त्यांनी मला सोडले नाही.

किसनसिंग चहा पिऊन रिकाम्या पिशवीने परत गेला.

त्या दुपारी विमलताई शिवणकामाचा टेप घेऊन आल्या. शामने मला ओट्यावर दाबून धरले आणि त्यांनी माझे माप घेतले. पायापासून पाठीपर्यंत, मग तुऱ्यापर्यंत, मग मान वर ओढून चोचीपर्यंत. आता सांगा, ज्याचे माप घेतात त्याने काय समजावे? पातेले किती मोठे लागेल ते पाहत असतील, असेच मला वाटले. त्या मोबाईलवरचा व्हिडिओ शामला दाखवत होत्या.

"हे पाहा शामभाऊ. बांग द्याले त्याले मान पुरी वर ताणा लागते. पेटीचं छत ठेंगणं ठेवलं, उभा राहीन पण मान ताणता येणार नाही, त आवाज अर्धा होते. आणि आत अंधार पाहिजे. गोदामाचा लाईट येते न मागून, त्याच्यानं उठते तो. म्या खिडकीतून पाह्यलं आहे. ट्रक आला, लाईट लागला, की हा सुरू."

ज्या बाईवर मी महिनाभर पहारा केला, तिला माझ्या खोट्या पहाटेचे कारण माझ्याआधी कळले होते.

शामने कारखान्यात विचारून टाकाऊ फळ्या आणल्या आणि पेटी केली. ती मागच्या भिंतीपाशी न ठेवता घराच्या पुढच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या आडोशाला ठेवली, म्हणजे मध्ये आख्खे घर आले. खालच्या अंगाला हवेसाठी भोके, आत भुसा. संध्याकाळी आम्ही आत जायचो आणि सकाळी साडेसहाला बबिता दार उघडायची.

पहिल्या पहाटे मी सवयीने मान ताणली. डोके छताला लागले. आवाज गळ्यातच अडकला, एखाद्याने तोंडावर हात ठेवावा तसा. मला फार राग आला. मी दाराला लाथा मारल्या. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. मग मात्र अंधारात झोप लागू लागली. गोदामाचा दिवा मला दिसेनासा झाला. दार उघडले की समोर खरा सूर्य असे, आणि मग मी अंगणात उभा राहून पोटभर बांग देत असे. तोवर गल्लीत दूधवाला येऊन गेलेला असे आणि शाळेची मुले दात घासत उभी असत. माझ्याकडे कोणी वळूनही पाहत नसे.

उन्हाळ्यात पेटी तापू लागली, तेव्हा बबिता संध्याकाळी तिच्यावर ओले पोते टाकायची आणि पेटी अंगणातल्या कडुलिंबाखाली सरकवायची. पुढे काळीने पिल्ले काढली. त्यांतला एक नर मोठा होऊन बांग शिकायला लागताच बसंतीबाईने त्याला तांड्यात धाडले. "इथं एकच कोंबडा," ती म्हणाली. "दोघं झाले की एकमेकाच्या जिद्दीनं ओरडतात."

पण त्याआधीच, पेटी आल्यावर पंधरा दिवसांनी, तिने भिंतीवरून विमलताईंना विचारले होते, "येते का आवाज?"

"येते थोडा. उशीखालून आल्यावाणी. चालते." विमलताईंचे डोळे आता लाल नव्हते. मनगटावर माझ्या चोचीचा डाग होता. त्यांनी ताटली पुढे केली. मी पहिला तुकडा चाखला, थांबलो, स्वतःच्या पोटाचा अंदाज घेतला आणि मगच काळीला हाक मारली. पोळी खरोखरच दुधात भिजवलेली होती.

मागच्या महिन्यात आमच्या दुसऱ्या अंगाच्या मोकळ्या प्लॉटवर चुन्याच्या रेघा पडल्या. एक जोडपे उन्हात उभे राहून मिस्त्रीला खोल्या दाखवत होते. मी कुंपणावर चढून त्यांची चौकशी सुरू केली. त्या माणसाने माझ्याकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हाच मी त्याला मनातल्या यादीत टाकले. इतक्यात मागून बांगड्यांचा आवाज आला. बसंतीबाई काठी टेकत, हातात झाकलेली थाळी घेऊन, त्या रेघा ओलांडत त्यांच्याकडे निघाली होती.

"बसा, आधी भाकर खा," ती त्यांना म्हणाली. "मी शेजारची. माह्या घरी कोंबडा हाय, आधीच सांगून ठेवतो. तुमच्यात कोणाले रातपाळी हाय का? झोपाची खोली कोणत्या अंगाले काढून राह्यले?"

त्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या. तो मिस्त्रीला म्हणाला, "ती खिडकी तिकडून घ्या मग."

मित्रांनो, तुमच्या घरी कोंबडा असेल तर त्याला अंधारी, हवेशीर, ठेंगणी जागा द्या, उन्हाळ्यात गार ठेवा, अंगणातला कचरा उचला. पण त्याही आधी शेजारच्या दारात जाऊन विचारा, तुम्ही केव्हा झोपता? संशय घ्यायला मी आहे. तो माझा जन्माचा धंदा आहे आणि मी तो मरेपर्यंत करीन. विचारणे मात्र मला जमत नाही, कारण मला बोलता येत नाही. तुम्हाला येते.